मुरत ठेवलेली बाटली

२६ ऑगस्ट २०२२, शुक्रवार

पोचले एकदाची आखातात! विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि कुकरचं झाकण तोंडासमोर उघडल्यासारखं झालं. चष्मा पांढराफटक. देवव्रतदादा समोरच उभे होते म्हणे, मला दिसलेच नाहीत. मी भलत्याच गृहस्थांना वाकून नमस्कार करायच्या बेतात होते.

फरीज बिन ओमरानमधल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली आता माझी, भाड्याने. दादा मेसईदला खताच्या कारखान्यात इंजिनियर, पहाटेच्या बसने जातात. सुहासिनीवहिनी घर सांभाळतात. दोघं पुण्याची, त्यामुळे पहिल्याच चहाबरोबर घराचे नियम सांगून झाले. त्यांची अनुष्का सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, ऑलरेडी. मला जाम आवडली ती.

सोमवारपासून नोकरी. अल थुमामाच्या त्या टोपीसारख्या स्टेडियमला जेवण पुरवणाऱ्या कंपनीच्या किचनमध्ये मी चव तपासणार. वर्ल्ड कप संपेपर्यंत दिवसभर चाखायचं आणि नावं ठेवायची. नावं ठेवायचा पगार मिळतो हे आईला अजून पटलेलं नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

इथे वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बंदी आहे आणि मी ओढते. दार लावून, बाथरूमचा पंखा चालू करून. सापडले तर नोकरी खलास. सिगारेट सुटावी म्हणून धरली, आता हीच सुटत नाही. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

तिच्यात भरायचं लिक्विड मात्र मी घरीच बनवते. बाजारातल्या आंब्याला टॉफीची चव असते आणि माझ्या जिभेला ते खपत नाही. नाशिकच्या इसेन्सच्या फॅक्टरीत चार वर्षं काढलीत, उगाच नाही. सध्या एकच ध्यास आहे, बाबांचं गुलकंदी पान. जेवण झालं की बाबा पान लावायचे आणि ते चघळत माझा अभ्यास घ्यायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. तो वास परत हवाय मला, बस.

पहिल्या खेपेला गुलाब जास्त झाला, अगदी आंघोळीचा साबण. दुसऱ्या खेपेला बडीशेप वर आली, खोकल्याचं औषध. आता गुलाब नावापुरता, लवंगेचा एक थेंब, आणि गोडवा अर्ध्यावर आणलाय, कारण गोड वाढलं की मागच्या सगळ्या चवी दबतात. तेलकट इसेन्सला हात लावायचा नाही, तेल फुप्फुसात गेलं की माणूस गेला. अडलंय एकाच ठिकाणी. काताचा तुरटपणा वाफेत उतरत नाही. तो नसेल तर पान नाही, नुसती मिठाई.

बाटली कपाटात अंधारात मुरत ठेवली आहे. रोज थोडा वेळ झाकण उघडून ठेवते. आम्ही घरी लिक्विड बनवणारे याला बाटलीला श्वास घेऊ देणं म्हणतो. लोणच्यासारखंच, घाई केली की फसलं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

आज पितृपक्षातली षष्ठी, बाबांची तिथी. श्राद्ध दर वर्षी महिपतीकाका करतात, बाबांचे धाकटे भाऊ. यंदा ते पाय मोडून पलंगावर आहेत. मी म्हटलं, मी करीन. मुलीने केलेलं पोचत नाही, असं काकांची शेजारीण म्हणे. पोचतं की नाही ते बाबा ठरवतील, तिने ठरवायची गरज नाही.

दादा-वहिनी अनुष्काला घेऊन मॉलमध्ये गेले होते. खीर केली, वडे केले, आमसुलाची चटणी केली. आवाहन, पिंड, तर्पण सगळं मला येतं. लहानपणापासून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिलंय. शेवटी काका म्हणायचे तेही म्हटलं, ज्यांचं कोणी नाही त्यांनीही यावं आणि तृप्त व्हावं. म्हणताना समोरच्या रस्त्यावरून कामगारांची बस चालली होती. खिडक्यांना टेकून झोपलेली डोकी दिसली, आणि ते वाक्य मी मनापासून म्हटलं.

कावळा काही आला नाही. इथे कबुतरं तेवढी. मग सुचलं की जेवणानंतर बाबांना पान लागतं. बाटली त्यांच्या वाढलेल्या पानाशेजारी उघडी ठेवली, वेप ओढली आणि वाफ सोडली. वाफ बाल्कनीकडे गेलीच नाही. खाली वळली आणि बाटलीच्या तोंडात शिरली, सगळीच्या सगळी. मी खूप रडले. बरं वाटलं.

१८ सप्टेंबर, रविवार

तुरट आलंय! जिभेच्या कडा आक्रसतात, अगदी कात. मी काहीही घातलेलं नाही. मुरल्यामुळे असं होत नाही हे मला माहीत आहे, तरी मी आनंदाने खोलीत नाचले. अनुष्का दारात येऊन नाक वर करून उभी राहिली. तिला वास आवडला म्हणे. मी तिला पिटाळलं आणि खिडकी उघडली. मुलांच्या नाकाशी असला धूर नको, एवढी अक्कल मला आहे.

२४ सप्टेंबर, शनिवार

तुरटाच्या मागे आणखी एक चव आली आहे. कोरडी, पांढरी, घशाला चिकटणारी. आधी वाटलं चुना. पानाला चुना असतोच, म्हणून खूश झाले.

दुपारी भांडी घासताना हात थांबले. बाबांना अल्सर होता. त्यांच्या पानाला चुना कधीच नसायचा. ठेल्यावरही ते पानवाल्याला दोनदा बजावायचे.

परत ओढून पाहिलं. चुना नाही तो. सिमेंट आहे. सिमेंट, आणि घामाने भिजून वाळलेलं कापड, आणि खाली लोखंडासारखं काहीतरी.

१ ऑक्टोबर, शनिवार

बाटली आतून धुरकटते. मग साफ होते. मग पुन्हा धुरकटते. झाकण लावलेलं आहे.

एसीमुळे असेल म्हणून एसी बंद करून बसले. घामाच्या धारा लागल्या आणि बाटलीचं चालूच. माझा श्वास नकळत तिच्याबरोबर चालायला लागला, तेव्हा उठून हॉलमध्ये जाऊन बसले. वहिनींनी विचारलं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, घरची आठवण.

ऑफिसातही धड नाही. बिर्याणी, हमूस, बर्गर, सगळ्याला सिमेंट. आज अंदाजाने मार्क दिले. शेफ अबूबकर भला माणूस आहे. म्हणाला, तब्येत बरी नसेल तर घरी जा, इन्शाल्ला उद्या बरं वाटेल. मला घरीच तर जायचं नाहीये.

८ ऑक्टोबर, शनिवार

अनुष्काला धाप लागते. परवा शाळेतून फोन आला होता, पीटीच्या तासाला मटकन बसली. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती स्वच्छ आहे म्हणाले. वहिनी धुळीला दोष देतात, दादा एसीला. माझ्या वेपमुळे तर नाही ना? वेप कचऱ्यात टाकली. सुटली एकदाची, अशी सुटायला नको होती.

१० ऑक्टोबर, सोमवार

आज लवकर आले. अनुष्का शाळेत न जाता माझ्या पलंगावर झोपली होती. तिच्याजवळ बसले.

तिची छाती वर यायची तेव्हा उघड्या कपाटातली बाटली साफ व्हायची. छाती खाली गेली की बाटली धुरकटायची. पुन्हा पुन्हा पाहिलं. मी तिला उठवून बसवलं. ती श्वास रोखून माझ्याकडे पाहायला लागली. बाटलीही थांबली.

तिच्या तोंडाला गुलकंदाचा वास येत होता.

११ ऑक्टोबर, मंगळवार

बाटली बेसिनमध्ये ओतली. काच फोडली, दूरच्या कचराकुंडीत टाकली.

संध्याकाळी आरसा धुरकटला. मग चहाचा ग्लास. मग खिडकीची काच, तोंडाएवढं वर्तुळ, आतल्या बाजूने. पुसलं तर पुन्हा आलं.

माझ्या खोलीतून ते आता हॉलमध्ये गेलंय. टीव्हीवर. अनुष्का बसते तिथे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

महिपतीकाकांना फोन केला. सगळं सांगितलं, वेपसकट. रागावतील वाटलं होतं. त्यांनी तिथीला काय काय केलं ते पुन्हा क्रमाने सांगायला लावलं. मग विचारलं, विसर्जन केलंस ना गं?

मी विचारलं, कसलं विसर्जन.

काका म्हणाले, ज्याला बोलावलं त्याला निरोप द्यायचा असतो. पिंड हलवायचे, आता आपापल्या जागी जा म्हणायचं. ते सगळ्यात शेवटी असतं. आणि लहानपणी नेमकं तेव्हाच मला कायम हाक यायची, विभा, पानं घे वाढायला. मी वळायचे. मी ते कधी पाहिलंच नाही. जन्मभर दारात उभी राहिले आणि नेमकं तेवढंच —

आपण होऊन हात दाखवून अवलक्षण.

काका सांगत गेले तसं मी म्हणत गेले. बाबांसाठी झालं, नाव आणि गोत्र दोन्ही होतं. बाबांबरोबर तो जो सिमेंटवाला कामगार आला, त्याचं नाव काका विचारायला लागले. मला काय माहीत. कुठून आला, कुठल्या मजल्यावरून पडला, की उन्हातच बसला आणि उठला नाही. त्याच्या घरी कोणी वाट पाहत होतं का. काका म्हणाले, नावाशिवाय निरोप पोचत नाही. असा पाहुणा त्याला कोणी आपलं म्हटलं तरच दुसऱ्याला सोडतो. आणि लगेच ओरडले, तू म्हणायचं नाहीस, समजलं? माझी शपथ आहे. ते त्र्यंबकला माणूस पाठवणार आहेत, विचारायला.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. वहिनींनी फराळ केला नाही. अनुष्का हॉस्पिटलमध्ये आहे. ऑक्सिजनचा मास्क. तो धुरकटतो आणि साफ होतो, आणि फक्त मला दिसतं की उलटा होतो. ती श्वास घेते तेव्हा धुरकटतो.

वहिनी म्हणाल्या, तू आलीस आणि हिला किती लळा लागला होता तुझा. मला तिथे उभं राहवेना.

त्र्यंबकचं उत्तर आलं. विधीला मुहूर्त मार्गशीर्षात.

तोवर —

१२ नोव्हेंबर, शनिवार

घरी आणली. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. उचलली तर उशीएवढी हलकी.

दादांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, तू दुसरी खोली बघ. बरोबर आहे त्यांचं. पण मी गेले तर ते माझ्याबरोबर येणार नाही. त्याला ती मिळाली आहे.

काकांची शपथ.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

ओठ निळे. आज एक शब्द म्हणाली, मराठीत. पाणी. वहिनी हरखल्या, लेक मराठी बोलली म्हणून. आवाज तिचा नव्हता.

२० नोव्हेंबर, रविवार

आज वर्ल्ड कपचं उद्घाटन. रस्त्यावर ढोल, झेंडे, गाड्यांचे हॉर्न. दादा-वहिनी हॉलमध्ये तिला मांडीवर घेऊन बसलेत. टीव्ही चालू आहे, कोणी बघत नाहीये.

काका, माफ करा.

तांब्या घेतला, तीळ घेतले. दक्षिणेकडे तोंड केलं. बाबांचं गोत्र सांगितलं. म्हटलं, तुझं नाव मला माहीत नाही. तू माझा भाऊ. पोरीला सोड, बहिणीकडे ये.

खिडकीवरचं वर्तुळ गेलं. लगेच. हॉलमधून मोठा श्वास ऐकू आला, बुडालेलं माणूस वर आल्यावर घेतं तसा. वहिनी रडतायत. दादा ओरडतायत, बघ, बघ, ओठ बघ. अनुष्का म्हणतेय, आय ॲम हंग्री.

देवा. बरी आहे ती.

माझ्या छातीवर कोणीतरी बसलंय. श्वास सोडता येतो. घेताना अर्धाच येतो. चालेल. भाऊ आहे माझा, चालेल. मार्गशीर्षापर्यंत काढीन —

खिडकीवर पुन्हा वर्तुळ.

हे त्याचं नाही. तो माझ्याजवळ आहे. हे दुसरं. शेजारी आणखी एक. खालच्या काचेवर तीन. बाल्कनीच्या दारावर वरपासून खालपर्यंत —

मी सगळ्यांना बोलावलं होतं. ज्यांचं कोणी नाही ते सगळे. तो फक्त पहिला होता.

एक वर्तुळ हॉलच्या बाजूला सरकलं. अनुष्का खोकली.

नाही. इकडे. तूही माझा. तूही भाऊ.

थांबलं. आत आलं. श्वास आता पावच —

पुढचा सरकतोय. तूही माझा.

तूही

हात चालेना म्हणायला आवाज नाही लिहून चालतं का लिहिते तूही माझा, तूही, लाल शर्टवाला तू पण, इकडे, तिच्याकडे नको, इकडे, तूही माझा, तू