मागची खडबडीत बाजू

३ फेब्रु., मंगळ.
सकाळी कारखान्यात टाटेंडा आला. झिम्बाब्वेचा, इथे एम.कॉम. करतो, विश्रांतवाडीतच आमच्या मागच्या गल्लीत राहतो. टॉवेलात गुंडाळलेली दगडी मूर्ती. बाईचं डोकं, मानेत मोडलेलं. खोली बदलताना पडलं. वडिलांनी घडवलेलं, ते गेल्या वर्षी वारले. महिनाअखेर गावी वर्षाचा विधी, त्या दिवशी गेलेल्याच्या आत्म्याला घरात परत आणतात म्हणे. मूर्ती तिथे हवीच. म्हटलं, चाळीस वर्षं कबरींचे दगड करतोय, एक मान जोडता येणार नाही होय?

५ फेब्रु.
आत स्टीलची सळी घालून मान जोडली. सांधा नखाला लागत नाही. चेहरा काळाभोर, गुळगुळीत. तिकडे दगड तापवून मेण चोळतात. मागची बाजू मात्र तांबूस, खरखरीत, डोंगरातून काढली तशीच. बिचाऱ्याचं काम राहून गेलं असणार. मरण कुणासाठी थांबतं?

७ फेब्रु., शनि.
काल-आज मागची बाजू घासली. ग्राइंडर, मग पॉलिश पेपर, मग मेण. झकास उतरली. टा.ला सांगितलं नाही, खूश होईल पोरगं. बायकोला, शबानाला, फोटो दाखवला. "त्याला विचारलंत का? तुमचं आपलं, दिसला दगड की मार पॉलिश." ही कधी चांगलं म्हणेल तर शपथ.

८ फेब्रु., रवि.
टा. आला. मान बघून हसला. मूर्ती फिरवली आणि... गुळगुळीत पाठीवर तळवा ठेवला. मग त्याच्या मोडक्या हिंदीत, हळू: ते राहिलं नव्हतं, काका. बाबांनी ठेवलं होतं. बाई दगडात असतेच, घडवणारा तिला वाट करून देतो. उरलेलं जमिनीचं, त्याला हात लावायचा नाही.
म्हटलं, छिन्नीने पुन्हा खडबडीत करतो, कुणाला कळणार नाही. "बाबांना कळेल," म्हणाला.
मेल्या माणसाच्या कामात हात घातला मी. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. जेवलो नाही.

१० फेब्रु.
श. म्हणते, जाऊन माफी मागा. मी माफी मागणाऱ्यातला नाही, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गेलो. टा.ने चहा केला. आईला फोनवर सांगितलंय, ती रडली. मूर्ती घरात घ्यायची की नाही ते थोरले चुलते ठरवणार.

१४ फेब्रु., शनि.
टा. आज निघाला. मूर्ती हातातल्या बॅगेत. चुलत्यांचा निरोप: घेऊन ये, पण विधीत वडिलांना सांगावं लागेल, कुणी घासली. 'पुण्याचा एक कारागीर' एवढं चालणार नाही, नाव पाहिजे.
पूर्ण नाव सांगितलं, अब्बांच्या नावासकट. त्याने दोनदा म्हणून पाठ केलं.
म्हटलं, मान जोडली तेही सांग बाबा.
"आधी तेच सांगणार, काका."
रिक्षा गेली तरी फाटकाशी उभाच होतो. आता त्या मेल्या माणसासमोर माझं नाव घेतील. तो माफ करतो की नाही, अल्ला जाणे.