पुढ्यात असेल तेवढंच

अप्पा, गुरुवारी सकाळी पूजा आटोपून मी पडवीत, उतरलेल्या पाहुण्यांचे खेळायचे पत्ते गोळा करत बसलो होतो. तुम्ही असता तर पत्त्यांसकट त्यांना घालवलं असतं. पण आता दिवेआगरात वाडीइतकीच पाहुण्यांवर चूल चालते. त्यातला एक चहाला आला, तेव्हा विचारलं, "काल 'ऑल इन, ऑल इन' काय ओरडत होतात?" त्याने सुपातल्या सुपाऱ्या घेतल्या. "काका, माझ्याकडे दहाच उरल्या, त्या सगळ्या पुढे सारल्या, म्हणजे ऑल इन. समोरच्यांकडे पन्नास असल्या तरी मी प्रत्येकाकडून दहाच जिंकणार. त्यांची वरची पैज वेगळ्या ढिगात." "आणि हरलास तर?" "उठायचं. पण पुढ्यात नाही ते लावायचं नाही, कुणी मागायचंही नाही."

एवढा साधा नियम पत्तेवाल्यांना कळतो आणि आपल्या घरात कुणाला कळू नये? दादाला अख्खी वाडी गहाण टाकून पोहण्याच्या तलावाचं हॉटेल काढायचंय. वादळानंतर मी लावलेल्या पोफळींसकट. "तुझ्या वाट्याचं लाव ना," म्हटलं, तर म्हणतो, "वाटा कसला? वाडी एक हाय. अप्पा काय सांगून गेले?" तुम्ही सांगून मोकळे झालात! विहिरीच्या काठावर दोघांचे हात धरून म्हणालात, वाडीचे तुकडे करायचे नाहीत. त्या एका वाक्यावर दादा माझी झाडं डावाला लावतो. वर देवीचा कौल, उजवं फूल पडलं म्हणजे होकार. "उजवा दिलान देवीनं!" "कितव्या वेळी?" "तू मोजत बस, भित्र्या." ही खोड तुमचीच. डावं फूल पडलं की पुन्हा लावायचं, उजवं पडेपर्यंत. देवीनेही किती वेळा नाही म्हणावं?

गहाणाला माझी सही लागत होती. मी सांगून टाकलं, सही करेन ती वाटणीवरच. दादाला कर्ज हवंच होतं, कबूल झाला. काल श्रीवर्धनच्या कचेरीत जाऊन दोघांनी वाटणीवर सह्या केल्या. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आता एकटाच बुडेन. झालं समाधान?" म्हटलं, "बुडालास तर जेवायला माझ्याकडे यायचं." तो हसला नाही, पण स्कूटरवर मागे जागा करून दिली.

विहीर सामाईक ठेवली आहे. हे पत्र देव्हाऱ्याखाली राहील, पाठवणार कुठे? एक मात्र सांगतो. निघण्याआधी मी देवीला विचारलं नाही. डावं पडलं असतं तर मीही पुन्हा लावलं असतं.