फुटलेल्या ताऱ्याचा सत्कार

कुंडल, मंगळवार

ती. लालासाहेब मामांस,

समीक्षाचा पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी जिना चढायला बंदी केली असेल तर त्यांचंच ऐका. इथे आई, आबा आणि म्हैस ठणठणीत आहेत. माझं मात्र काही खरं नाही. (फोनवर सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून हे पत्र उद्याच्या साताऱ्याच्या एसटीनं पाठवते.)

मी पुण्याला काय करते हे तुम्ही दर दिवाळीला विचारता (आणि मी सांगायला लागले की तुम्हाला डुलकी लागते), म्हणून थोडक्यात लिहिते. श्वेतबटू म्हणजे जळून संपलेला, आटलेला तारा. कधीकधी तो फुटतो. त्यातले काही विचित्र तारे अर्धेच फुटतात, वरचं उडून जातं आणि गाभा शिल्लक राहतो. हे कसं घडतं ते संगणकावर घडवून दाखवायचं, एवढंच माझं काम. पण माझा तारा गेली दोन वर्षं ढिम्म आहे. आग लावली की जरासा फुगतो आणि निवांत खाली बसतो. गेल्या महिन्यात तो एकदाचा फुटला, आणि आनंदाच्या भरात मी आबांना फोन केला. तिथंच माती खाल्ली. तारा पार चिंध्या होऊन उडाला होता, कारण ठिणगीच्या आकड्यात मी एक शून्य जास्त दिलं होतं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर आबांनी चौकात फ्लेक्स लावला होता, 'तारा फोडल्याबद्दल कुंडलच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन'. त्यावर माझ्यापेक्षा आपल्या चुलतभावाचा, गुंडाचा, फोटो मोठा आहे (फ्लेक्स त्याच्याच दुकानात छापला). येत्या रविवारी सत्कार, आणि प्रमुख पाहुणे तुम्ही, तोफखान्यातले निवृत्त सुभेदार म्हणून. स्वतःच्या चुकीबद्दल फेटा बांधून घ्यायचा, या विचारानं मला जेवण जात नाही, आणि आबांचा चेहरा बघून खरं सांगवत नाही. मामा, काहीतरी कारण काढा आणि येऊ नका. पाहुणाच नाही म्हटल्यावर कार्यक्रम बारगळेल.

तुमची,
समीक्षा

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच, निघताना ठिणगीचा आकडा सुधारून पुन्हा लावून आले होते त्या गणिताचा पुण्याच्या संगणकाकडून निकाल आला. तारा अर्धा फुटला. गाभा जागच्या जागी आहे. आकडे पुन्हा पुन्हा तपासले, चूक नाही. शेवटी रडू आलंच.

आणखी ता. क. : पळत जाऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धाच? आगं, मग फ्लेक्स उतरवाय पायजे. पुरता फुटला की बघू." सत्कार रद्द झाला, माझ्या मनासारखं झालं. तरी मामा, रविवारी तुम्ही याच. या बातमीचा आनंद झालेलं एक तरी माणूस घरात असावं.