पालथी वाटी

अण्णा, तुमच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते पोचलं त्याच आठवड्यात तार आली, मग उत्तर द्यायचं कुणाला? हे पत्रही टपालात पडणार नाहीच. पण इतकी वर्षं मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय, ते आज कागदावर भांडतो. मी चुकलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही शाळेत ड्रिल मास्तर, आणि शहरातल्या सात शाळांच्या फुटबॉल सामन्यांचं वेळापत्रक ठरायचं आपल्या स्वयंपाकघरात. फरशीवर दोन ओळींत पितळी वाट्या, प्रत्येकीखाली एका शाळेची चिठ्ठी. ज्या समोरासमोर येतील त्यांचा सामना. शाळा सात, म्हणून आठवी वाटी पालथी. ती जागची हलायची नाही, बाकीच्या दर रविवारी एकेक घर पुढं सरकायच्या. पालथीसमोर जो येईल त्याला त्या रविवारी विश्रांती. कोण कुठं बसणार ते चिठ्ठ्या ठरवणार, आणि चिठ्ठ्या आईनंच उचलायच्या, कारण कोण जिंकतं याचं तिला सोयरसुतक नव्हतं. "आटपा लवकर, आमटी काय ओंजळीत वाढू?" एवढंच तिचं म्हणणं. एकदा आमची शाळा पहिल्याच रविवारी सगळ्यात तगड्या संघासमोर आली. आमचा गोलकीपर तापानं फणफणलेला. मी हळूच वाटी सरकवायला गेलो, तर तुम्ही मनगट पकडलंत. "वाटीला हात लावायचा नाही. वाटी हलली की खेळ संपला." मी बारा वर्षांचा होतो. इतक्या जोरात धरायची गरज नव्हती, अण्णा.

डॉक्टरेटसाठी मी जर्मनीत आलो ते साठीचं दशक नुकतंच लागलेलं. लुडविग्सहाफेनच्या कारखान्यांचा वास वारा फिरला की आमच्या मैदानापर्यंत यायचा. आसपासच्या कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे दोन गट होते, वरचा आणि खालचा. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांचाही एक संघ होता. बरेचसे इराणी आणि ग्रीक, दोघं इजिप्तचे, आणि मी. आम्ही खालच्या गटात खेळायचो, पण पाहुणे म्हणून. जिंकलो तरी गुण धरत नसत. दोन वर्षं आम्ही खालचा गट धुऊन काढला, तरी तक्त्यात आमच्या नावापुढं नुसती रेघ. वेळापत्रकाचं किचकट काम कुणालाच नको होतं, म्हणून स्पर्धेच्या सेक्रेटरीनं ते माझ्या गळ्यात मारलं. मी लगेच आमचा संघ वरच्या गटात लिहून दिला.

"छे, हे चालणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही गास्ट. पाहुणे."

"पाहुणा चार दिवसांचा असतो. चार वर्षं राहून तुमच्याच परीक्षा देतो, तो पाहुणा कसला? गुण धरणार नसाल तर वेळापत्रक तुमचं तुम्ही करा."

त्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "एक वर्ष. तळाला गेलात तर पुन्हा पाहुणे." मी हात मिळवला.

वरच्या गटात आता सात संघ झाले. परक्या मुलखात वाट्या कुठल्या आणणार? घरमालकिणीकडून उकडलेली अंडी ठेवायचे आठ कप मागून आणले, सात सुलटे, एक पालथा. चिठ्ठ्या तिनंच उचलल्या, तिच्या चर्चच्या हॅटमधून. "अस्सं, इंडियात असंच करतात?" ती हसत म्हणाली. "आमच्या वडिलांच्या राज्यात तरी," मी म्हटलं. वेळापत्रकाची एक प्रत मोठ्या दिमाखात तुम्हाला धाडली, संघांची सगळी हकीकत लिहून. तुमचं उत्तर आलं: "वेळापत्रक चोख आहे. तू स्वतःही खेळतोस असं दिसतं. चिठ्ठ्या कोणी उचलल्या?"

शाबासकी नाही, तब्येतीची चौकशी नाही. मला राग आला, अजूनही येतो. अहो, तुमच्या सातही शाळांचे गुण धरले जायचे. तुमच्या वाट्यांना कुणी तक्त्याबाहेर बसवलं नव्हतं. जिथं आम्हाला मुळी मोजतच नव्हते, तिथं तुमची पट्टी मी का लावायची? शेवटच्या रविवारी आम्ही ताजेतवाने उतरलो आणि गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी बरोबरी केली. त्या एका गुणानं आम्ही तळातून वर निघालो. पुढच्या वर्षी सेक्रेटरीनं स्वतःच्या हातानं आमचं नाव वरच्या गटात लिहिलं. आम्हाला पाहुणे म्हणायची पुन्हा कुणाची प्राज्ञा झाली नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चिठ्ठ्या घरमालकिणीनं उचलल्या, हे खरं आहे. ती हॅट घेऊन खाली गेल्यावर मी दोन कपांची अदलाबदल केली. त्यामुळं विजेत्यांशी खेळण्याआधीचा रविवार आमच्या विश्रांतीचा झाला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, आणि तुम्ही मनगट धरलंत तर सोडवून घेईन.

फक्त, खोलीत मी एकटाच असूनही कप उचलण्याआधी दाराला आतून कडी लावली होती, अण्णा.