गिअरवरच्या खुणेबद्दल

मी, पन्नास वर्षं इंजिनं बांधणारा मिस्त्री, वय त्र्याहत्तर, हे पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. कान थोडे अधू झाले आहेत, पण त्यांचा इथे संबंध नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोच्या नावे. तिच्या पश्चात मुलगी आणि मुलगा दोघांना सारखा वाटा. स्वयंपाकघरातला नळ उद्या करतो, उद्या करतो म्हणून मी सहा वर्षं टोलवला. तो तिने आता खुशाल प्लंबरकडून करून घ्यावा.

२. मेहुण्याला काहीही नाही. माझा टॉर्क पाना त्याने हातोडी म्हणून वापरला. विषय संपला.

३. कारखाना, सगळी हत्यारं, डायल गेज आणि क्रँकचं फिरणं मोजायची अंशांची चकती मुलीला. मुलगा नाक मुरडेल. त्याने हे कलम शेवटपर्यंत वाचावं.

अकरा वर्षांपूर्वी एका बोटीचं डिझेल इंजिन आमच्याकडे होतं. कॅमशाफ्ट बसवायचं काम मुलीकडे. क्रँकच्या आणि कॅमच्या गिअरवरच्या खुणा समोरासमोर आणायच्या, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात नि मिटतात. कॅमचा गिअर नवा, त्यावर खूणच नव्हती. जुना गिअर वर ठेवून मी स्वतः पंचने खूण ठोकली. चष्मा घरी राहिला होता आणि ते सांगायची लाज वाटली. खूण एका दाताने चुकली. मुलीला शंका आली होती. मी म्हणालो, "माझ्या खुणेवर बसव, जास्त शहाणपणा नको." तिने बसवलं. हाताने फिरवताना कसंबसं निभावलं. इंजिन वेगात आलं आणि चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले.

बोटवाल्यासमोर, सगळ्या कामगारांसमोर मी म्हणालो, "पोरीने दात चुकवला." तिने हात पुसले आणि ती निघून गेली. त्याच आठवड्यात मी जुना आणि नवा गिअर एकावर एक ठेवून पाहिले. सगळं कळलं, तरी तोंड उघडलं नाही. ती आज दुसऱ्याच्या कारखान्यात इंजिनं बांधते. चूक माझी होती. मी गेल्यावर हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं.

पुरवणी. इथवर लिहून साक्षीच्या सहीसाठी आमच्या लेथवाल्याकडे नेलं. बोटीचं इंजिन बिघडलं त्या दिवशी तोही तिथे होता. त्याने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "मेल्यावर कबुली देणार होय? भित्रा कुठला! आधी तिला बोलाव, मग माझी सही."

मला राग आला. दोन दिवस मी त्याचं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला फोन केला.

ती आली. कलम तीन मी स्वतः वाचून दाखवलं. दोनदा थांबावं लागलं. तिने कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला.

"बाबा, कारखान्याचं नंतर बघू. यातली एक ओळ खोटी आहे. मला शंका नव्हती आली. मी चकती लावून तीनदा मोजलं होतं. व्हॉल्व्ह सतरा अंश उशिरा मिटत होते. तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मला चांगलं आठवतं.

सबब, कलम तीनमध्ये "मुलीला शंका आली होती" हे शब्द रद्द. त्या जागी "मुलीने मोजलं होतं" असं वाचावं. हा बदल मी राजीखुशीने केला आहे.

सही: मिस्त्री
साक्षीदार: १. लेथवाला २. डॉक्टरीणबाई
ठिकाण: कारखाना, पुढचं टेबल
दिनांक: अकरा मार्च, सोमवार