कारंज्याला न आल्याबद्दल

वाशिम,
मंगळवार

प्रिय पुष्पी,

जानराव भाऊजींना जाऊन सोळा दिवस झाले. तुझा नवरा गेला आणि तुझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण दीड तासाच्या अंतरावरून कारंज्याला तुला भेटायला आली नाही. तू रागावली असशील, आणि रागवायलाच हवं. आठवीत हॉस्टेलच्या सिस्टरने आपल्याकडून सांत्वनाचं पत्र दहा वेळा लिहून घेतलं होतं, समास सोडून, शाईच्या पेनने. तो नमुना मला अजून पाठ आहे. पण तो पाठवला तर तू फाडून टाकशील. म्हणून माझ्या पद्धतीने लिहिते, म्हणजे भांडत भांडत. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

निवृत्त झाल्यावर घरात बसून जप करणाऱ्यातली मी नाही, हे तुला माहीत आहे. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत पेन्शनच्या टेबलावर काढली. कोणता कागद कुठे अडतो ते मला झोपेतून उठवून विचारा. म्हणून स्वतःचं काम सुरू केलं. घरातला माणूस गेला की मागे राहिलेल्यांचे पेन्शनचे, वारसाचे, विम्याचे अर्ज करून द्यायचे. नोकर नाही, पाटी नाही, मी आणि माझं टेबल. दोन महिने त्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. तेव्हा पुण्याची भाची वैभवी म्हणाली, "आत्या, घरात बसून क्लायंट मिळत नसतात. नेटवर्किंग कर. लोकांत मिसळ, कार्ड दे." पंचवीस वर्षांची पोरगी मला लोकांत मिसळायला शिकवते! पण कार्डं छापली.

आधी उद्योजकांच्या मेळाव्याला गेले. गळ्यात नावाची पट्टी, हातात उपम्याची प्लेट. कुणाचे सोलर पंप, कुणाची हळद पावडर. जो तो आपलं कार्ड देत होता आणि दुसऱ्याचं न वाचता खिशात टाकत होता. हेमसिंग नावाच्या एका फवारणीच्या ड्रोनवाल्याने मात्र माझं वाचलं, आणि म्हणाला, "म्याडम, आमचे बुढे बरे हायत अजून. तुमी दुसऱ्या टेबलावर पाहा ना." सगळे हसले. मी म्हटलं, तुझे वडील शंभर वर्षं जगोत, पण बँकेत वारसाचं नाव लावलंय का, ते आज घरी जाऊन बघ. तो हसायचा थांबला. काम मात्र दिलं नाही.

परतताना माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं गिऱ्हाईक मेळाव्यात कसं भेटेल? ते घरात सतरंजीवर बसलेलं असतं, डोक्यावर पदर घेऊन. मग मी तिथे जाऊ लागले. अनसिंगला, आसेगावला, ओळखीच्या ओळखीने. बायकांत बसायचं, चहा घ्यायचा, उठताना कार्ड द्यायचं. आसेगावच्या तुळसाबाईचा दीर तिच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेत होता. शाईची डबी उघडून ठेवलेली. मी ती डबी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि दोन तास जागची हलले नाही. आज तिची पेन्शन तिच्याच खात्यात येते. सांग, यात माझं काय चुकलं? लग्नघरी बँडवाला कार्ड देतो, बारशाला विमा एजंट हजर असतो, त्यांना कुणी अपशकुनी म्हणत नाही.

मला म्हणतात. "कागदवाली आली, कोण गेलं वो?" असं बायका तोंडावर विचारतात. एका लग्नात माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीला तिच्या सुनेने उठवून दुसऱ्या रांगेत नेलं, "इकडं या, इकडं पंखा हाय" म्हणून. पंखा माझ्या डोक्यावर होता! भाऊजींनी मला दिवाळीतच सावध केलं होतं. "शीलाबाई, काम चांगलं हाय तुमचं. पण मानूस गेल्यावर चार दिवस तरी दाराबाहेर थांबत जा." मी म्हटलं, चार दिवसांत अंगठे उठतात, भाऊजी. त्यांनी न विचारता माझ्या ताटात आणखी एक अनारसा टाकला.

आता खरं सांगते. मी आले होते. तिसऱ्या दिवशी. तुझ्या फाटकाशी तुझी शेजारीण कमलीबाई उभी होती. म्हणाली, "या म्याडम. इथंबी आल्या का? जरा राख तं थंडी होऊ द्या." दुसऱ्या कुणाला मी तिथेच सोलून काढलं असतं. पण तिचं खोटं नव्हतं. भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी तू आठवली नाहीस, पुष्पी. आधी आठवलं की त्यांच्या शाळेच्या नोकरीच्या कागदात तुझं लग्नातलं नाव असेल आणि आधारवर माहेरचं, म्हणजे प्रतिज्ञापत्र लागेल. त्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर मनात पुरा झाला, आणि मग मला रडू आलं. या क्रमाने. हे घेऊन तुझ्यासमोर कशी बसणार होते? फाटकातूनच परत फिरले आणि स्टँडवर वाशिमच्या दोन गाड्या नुसत्या जाऊ दिल्या.

काल ऋषिकेशचा फोन आला. "मावशी, बाबांच्या पेन्शनचं तुम्ही करून देता ना? फी किती? आई म्हणे, शीलाले सांग, तिचं तेच तं काम हाय." हे तू रागाने म्हणालीस की सहज, मला कळलं नाही. तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालते आहे. पुष्पी, हे काम मी करणार नाही. मागच्या बाजूला लखीराम यांचा नंबर लिहिला आहे. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर होते, सावकाश आहेत पण नेक आहेत. त्यांच्याकडून करून घ्या. मी नाकारलेलं हे पहिलं काम, आणि मला कामाची गरज नाही असं मुळीच नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. कमलीबाईला काय म्हणायचं ते म्हणू दे. नको असेन तर पोराकडून निरोप पाठव, मला वाईट वाटणार नाही. खोटं लिहिलं. वाटेल, पण येणार नाही. भाऊजींना नेमकं काय झालं, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही. बाकीच्या घरी मी नुसती तारीख विचारते आणि अर्जात भरते. तुझ्याकडून मला सगळं ऐकायचं आहे, त्या सकाळी ते काय खाऊन उठले तिथपासून.

तुझीच, सोळा दिवस उशिरा,
शीला