पिवळ्या कापडाखालचा दगड

क्वाला कांग्सार, ३ जून

अबाह, तुम्हाला आणि आईला सलाम.

१. राजघराण्याच्या कबरस्तानाची मोजणी करताना काल आपल्या पूर्वजाची, राजपुत्राची, कबर आली.
२. तुम्ही दर ईदला बांधता ते पिवळं कापड दगड मोजण्यासाठी सोडलं.
३. दगड चपटा आहे. आपल्याकडे बाईच्या कबरीवर चपटा दगड असतो, पुरुषाच्या कबरीवर गोल.

राखणदार पाक मेओर हसले. "काय गं, तुमचे खापरपणजोबा कापडाखाली बाई झाले? अगं, ती राजपुत्राची दाई. माझ्या आजोबांनाही ठाऊक होतं. पण तुझ्या बापाला सांगणार कोण?"

मला काहीच वाटलं नाही. आकडे लिहिले आणि कापड परत बांधलं, तुमच्यासारखी दुहेरी गाठ मारून.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमच्या दवाखान्यातल्या तपासणीचं काय झालं? आई त्याबद्दल लिहीत नाही.

त्याच कबरीशेजारी आपल्याला दफनासाठी जागा मिळावी, असा अर्ज तुम्ही वंशज म्हणून केला आहे. माझी कबरींची यादी वीस तारखेला राजवाड्यात जाईल. तीत या कबरीपुढे मी 'स्त्री' लिहिणार आहे. त्याआधी अर्ज तुम्हीच मागे घेतलात, तर कोणी काही विचारणार नाही.

अठरा तारखेपर्यंत उत्तर पाठवा.

तुमची मुलगी,
नुराइनी